मरियामातेला इरकल नेसवू का?

प्रश्न: मी सोलापुरात एका शाळेत चित्रकला शिकवते. ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) झालंय. आमच्या चर्चमध्ये बाजूच्या वेदीवर मरियामातेची प्लास्टरची मूर्ती होती. छत गळून ती खराब झाली, म्हणून फादरनी त्या जागी लावायला चार फूट बाय तीन फुटांचं चित्र मला काढायला सांगितलंय. मला माता आपल्याकडच्या बाईसारखी, इरकल नेसलेली काढायची आहे. आई म्हणते, "देवाच्या आईची थट्टा करू नकोस." चर्चमधल्या वयस्कर मंडळींना निळ्या शालीतली गोरी माताच हवी. तरुण मुलांना "काहीतरी मॉडर्न" हवंय. मावसभाऊ म्हणतो, एआयवर अर्ध्या तासात काढून कॅनव्हासवर प्रिंट मारू. मी आयकॉन, म्हणजे पूर्वेकडच्या चर्चमधली ठरावीक रीतीची पूजाचित्रं, कधी शिकले नाही. त्याला उपास लागतात, अंड्याचा रंग लागतो, असं ऐकलंय. शिवाय पैसे घ्यावेत का, आणि सही कुठे करावी? – एक शिक्षिका, सोलापूर

ताई,

सुरुवात आईंपासून करू, कारण घरात रोज वाद घालत चार फुटांचं चित्र पुरं होत नसतं. त्यांना एवढंच विचारा, तामिळनाडूतल्या वेलांकनीच्या मातेला काय नेसवतात? साडीच. आणि ८ सप्टेंबरच्या सणाला तिथं लोटणाऱ्या गर्दीत कुणालाही ती थट्टा वाटत नाही. मेक्सिकोतली ग्वादालुपेची माता तिथल्या मूळ रहिवाशांसारखी सावळी आहे, आणि तिची परंपरा १५३१ सालापासूनची. पोलंडमधली सगळ्यांत लाडकी माता चेन्स्तोहोवाची. तिथली माणसं गोरीपान, पण तिचा चेहरा काळसर. मग इरकलीनंच कुणाचं काय घोडं मारलंय?

मात्र आईंचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. मला वाटतं, त्यांना भीती साडीची नसून सोंगाची आहे. गॅदरिंगमध्ये एखाद्या मुलीला नऊवारी नेसवून, नथ अडकवून "मी जिजाबाई" म्हणून उभं करतात, तसं मातेचं होईल की काय, ही ती भीती. ती रास्त आहे. भारतीय पद्धतीची म्हणवणारी बरीच ख्रिस्ती चित्रं याच खड्ड्यात पडतात. चेहरा परदेशी कॅलेंडरवरचा, गाल गुलाबी, डोळे निळसर. खाली भरजरी कांजीवरम, मागे नारळाचं झाड आणि कोपऱ्यात समई. साडी बदलली, बाई तीच राहिली.

हे काम नीट करणारा माणूस तुमच्यापासून फार लांब नव्हता. आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) मूळचे गोव्याचे. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले आणि पुढे पुण्यात शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी चित्रं काढली. साडीतल्या मरियेबद्दल गोव्यात त्यांना बोलणी खावी लागली. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह त्याच गोव्यात, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपलेला आहे. मुंबईत आंजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) यांनीही भारतीय वेशातली मरिया रंगवली. सुट्टीत पर्वरीला जाऊन याच. तिथं साडीकडे कमी बघा. ती बसते कशी, मान किती कलते, पोराला धरलेला हात किती घट्ट आहे, ते वहीत उतरवून आणा.

आता मुख्य गोष्ट. तुमचं चित्र प्रदर्शनात लागणार नाही, वेदीवर लागणार आहे. त्याच्यापुढे कुणीतरी रिपोर्ट हातात घेऊन येईल, कुणी मुलाच्या नोकरीसाठी येईल, आणि तिथं उभं राहून बोलेल. म्हणून प्रत्येक निर्णयाला एकच प्रश्न लावा: यानं त्या बाईला मातेशी बोलायला मदत होते, की ती चित्राचंच कौतुक करत बसते? तुमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी मदर तेरेसांची चित्रं काढली. निळ्या काठाची पांढरी साडी, आणि साडीच्या आत चेहराच नाही. चित्र म्हणून ती जबरदस्त आहेत. पण वेदीवर ती चालणार नाहीत. बोलायला समोर डोळे लागतात.

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. पंढरीला नजरानजर व्हावी म्हणून तर लोक तासन् तास रांगेत उभे राहतात. चर्चची भूमिका मात्र नेमकी माहीत असू द्या, कारण तुमच्याकडे अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट संस्थेचं काम जुनं, आणि कुणीतरी प्रोटेस्टंट नातेवाईक "ही मूर्तिपूजा नाही का?" असं विचारणारच. ७८७ साली निकेआ इथं भरलेल्या बिशपांच्या दुसऱ्या महासभेनं याचा निकाल लावला आहे: प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, जिची ती प्रतिमा आहे तिच्यापर्यंत पोचतो. आराधना फक्त देवाची.

नजर म्हणजे काय ते बघायचं असेल तर तुमच्या वयस्कर मंडळींच्या घरातच बघा. मुंबईत माहीमला दर बुधवारी ज्या मातेची नोव्हेना (ठरावीक प्रार्थना) होते, तिचं चित्र बहुतेक कॅथलिक घरांत भिंतीवर असतं. ते अस्सल आयकॉन आहे. मूळ चित्र रोममध्ये, १८६६ पासून रिडेम्प्टोरिस्ट धर्मगुरूंच्या चर्चमध्ये आहे. जवळ जाऊन नीट पाहा. दोन बाजूंना दोन देवदूत क्रूस, भाला ही येशूच्या दुःखसहनाची हत्यारं घेऊन आलेत. बाळ त्यांच्याकडे बघून दचकलंय, दोन्ही हातांनी आईचा हात पकडलाय, आणि या गडबडीत पायातली एक चप्पल सुटून बंदावर लोंबते आहे. आई मात्र बाळाकडे बघत नाही. ती तुमच्याकडे बघते. गोरेपण नाही, गुलाबी गाल नाहीत, नाक लांबुडकं, ओठ एवढेसे. तरी हीच मंडळी वर्षानुवर्षं तिच्यापुढे गुडघे टेकतात. तेव्हा त्यांना गोरीच माता हवी, हे मी तितकंसं खरं मानत नाही. त्यांना ओळखीची माता हवी.

ओळख पटवण्याचं काम रंगांकडून करून घ्या, आणि इथं इरकल तुमच्या मदतीला धावून येते. पूर्वेकडच्या आयकॉनमध्ये मरियेचा आतला झगा निळा आणि डोक्यावरून घेतलेलं वस्त्र गडद तांबडं असतं. पश्चिमेकडे पुढे उलट होऊन तांबड्यावर निळी शाल आली. आता आजीच्या ट्रंकेतली जुनी इरकल काढा. अंग गडद निळं, पदर लाल, पदरावर पांढऱ्या रेघांचं काम. तो पदर डोक्यावरून घेतला की आयकॉनचे रंग आपोआप जागच्या जागी बसले! कपाळावर एक आणि दोन्ही खांद्यांवर एकेक असे तीन तारे परंपरेनं मातेच्या वस्त्रावर असतात, तिच्या अखंड कौमार्याची खूण म्हणून. ते त्या लाल पदरावर पांढऱ्यात काढा, पदराच्या विणकामातलेच वाटतील असे. आणखी एक फायदा. सुती, जरा कडक इरकलीला चुणी पडते ती सरळ आणि कोनदार, रेशमासारखी ओघळती नाही. आयकॉनमधल्या वस्त्राच्या घड्या अशाच टोकदार असतात. कुणाला तरी नेसवून खिडकीशी बसवा आणि नुसत्या घड्यांचा अभ्यास करा.

नथ नको. कुंकू आणि मंगळसूत्रही नको; त्यात वाईट काही नाही, पण लावावं की नाही यावरच मिस्सेनंतर (चर्चमधल्या रविवारच्या उपासनेनंतर) महिनाभर वाद होत राहील आणि चित्राकडे कुणी बघणार नाही. नाझरेथच्या सुताराची बायको आहे ती. हात मोकळे असू द्यात.

हात म्हणाल तर तुमच्या गावात विडी वळणाऱ्या बायका आहेत. मांडीवर सूप, कात्रीनं कापलेलं तेंदूचं पान, त्यात चिमूटभर तंबाखू, बोटांची एक गिरकी, वर दोऱ्याचे वेढे. त्यांच्यातल्या कुणाशी ओळख असेल तर तासभर शेजारी बसून फक्त बोटं रेखाटा. सांधे जरा जाड, नखं आखूड, अंगठा कामानं रुंदावलेला. असे हात बाळाला धरतील तेव्हा पाहणाऱ्याला ते बाळ सुटणार नाही याची खात्री पटेल. कॅलेंडरवरच्या मातेची मेणासारखी बोटं कुणाला काय धरणार?

चेहरा मात्र कुणा एकीचा उचलू नका. प्रार्थनेला आलेली बाई "अगं, ही तर आपल्या स्टेला टीचरची सून!" असं म्हणाली की संपलं. चार-पाच बायकांची रेखाटनं करा, मग ती बाजूला ठेवून मनानं चेहरा बांधा. कातडीसाठी आयकॉनवाल्यांची जुनी रीत वापरा, गडदाकडून उजेडाकडे. आधी सगळ्या चेहऱ्यावर गेरू, तपकिरी आणि किंचित हिरवा मिसळून गडद थर. मग पिवळ्या मातीचा रंग वाढवत वाढवत कपाळ, नाकाची दांडी, गालाचा उंचवटा वर काढायचा. शेवटच्या उजळ रेघेतही शुद्ध पांढरा वापरू नका, त्यात पिवळी माती असू द्या. माता गोरी होते ती याच शेवटच्या पायरीवर, चित्रकाराच्या नकळत.

मांडणी अर्धाकृती ठेवा. चार फुटांत पूर्ण उभी आकृती काढली तर चेहरा तळहाताएवढाच होईल आणि शेवटच्या बाकावर ठिपका दिसेल. "वाट दाखवणारी" म्हणून आयकॉनची जी जुनी ठेवण आहे, डाव्या हातावर बाळ आणि उजव्या हातानं त्याच्याकडे निर्देश, ती अशा जागेला उत्तम. बाळाच्या प्रभावळीत क्रूस येतो, मातेच्या येत नाही. क्रुसाच्या दिसणाऱ्या तीन भुजांत ग्रीकमध्ये "जो आहे" अशा अर्थाची तीन अक्षरं लिहितात. मराठीतही ती तीनच होतात, तेव्हा बेलाशक देवनागरीत लिहा. आयकॉनवर नाव हवंच, नावाशिवाय ते पुरं झालं असं मानत नाहीत. वर एका बाजूला "देवमाता", दुसऱ्या बाजूला "येशू ख्रिस्त". अक्षर सुबक काढा. ड्रॉइंगच्या बाईंचं अक्षर सगळं गाव तपासणार आहे.

तरुणांच्या "मॉडर्न"चा अर्थ त्यांनाही नेमका सांगता येणार नाही. माझा अंदाज असा की त्यांना ढग, गुबगुबीत देवदूत आणि लाइटिंगचा कंटाळा आलाय. मग सपाट पार्श्वभूमी, मोजके रंग, ठसठशीत रेघ, एवढ्यात त्यांचं समाधान होईल. गंमत म्हणजे हे सगळं जुन्या आयकॉनमध्येच आहे. ही मुलं त्या चित्राचा फोटो काढून मोबाइलवर लावणार, तेव्हा रंगीत कच्चा आराखडा झाला की फोनवर अंगठ्याएवढा करून बघा. तेवढ्यातही दोन चेहरे आणि निर्देश करणारा हात ओळखू आला तर मांडणी जमली.

मावसभावाला दुखवू नका, सणाचा फ्लेक्स त्याच्याकडे द्या. तिथं एआय चालेल. वेदीसाठी मी नाही म्हणेन. त्या यंत्राला "भारतीय माता" सांगितलं तर ते हजारो चित्रांची सरासरी काढून एक गोरटी नटी देणार, आणि वर तुम्ही ज्या सोंगातून बाहेर पडू बघताय ते सगळं फुकट जोडून देणार. आणि वेदीवरच्या चित्रापुढे लोकांनी बसण्याआधी काढणारा त्याच्यापुढे बसलेला असावा, असं मला वाटतं. यावर मावसभाऊ वाद घालेल. घालू द्या.

परवानगीची बाब सोपी आहे, पण टाळू नका. १५६३ साली त्रेंतच्या महासभेनं सांगून ठेवलंय की सवयीबाहेरची प्रतिमा बिशपांच्या संमतीशिवाय चर्चमध्ये लावू नये. तुमच्या चर्चमध्ये इरकल नेसलेली माता ही सवयीबाहेरचीच. त्यानंतर चारशे वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन महासभेच्या उपासनाविषयक घोषणापत्रानं स्पष्ट केलं की चर्चनं कुठलीही एक कलाशैली आपली म्हणून ठरवलेली नाही, आणि सगळ्या वंशांच्या, प्रदेशांच्या कलेला चर्चमध्ये वाव आहे. त्याच घोषणापत्रात भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्य हवं, असंही म्हटलंय. म्हणजे दार उघडं आहे, फक्त कडी वाजवून आत जायचं. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं. फादरना सांगा, रंगीत आराखडा आणि अर्धं पान टिपण पुण्याला पाठवा. होकार लेखी आला की अर्धे वाद सुरू होण्याआधीच मिटतात. तोच आराखडा फ्रेम करून एक-दोन रविवार मिस्सेनंतर चर्चच्या दाराशी ठेवा. सूचना सगळ्यांच्या ऐका, बदल मात्र फक्त फादर सांगतील ते करा. कमिटीनं मिळून काढलेलं चित्र अजून कुठे चांगलं झालेलं ऐकलं नाही.

उपास करणं न करणं तुमच्या मनावर. पूर्वेकडच्या आयकॉनकारांत उपासाची आणि प्रार्थनेची रीत आहे, आणि ती चांगली आहे. कॅथलिक चित्रकारावर तसं बंधन नाही. रोज बसताना रोझरीचे दहा मणी म्हणा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसरं पहिल्यापेक्षा अवघड जाईल.

अंड्याच्या रंगाचं सांगते. पिवळा बलक वेगळा करून कागदावर लोळवून कोरडा करायचा, चिमटीत उचलून त्याची पिशवी टोचायची, आतला द्रव वाटीत घ्यायचा आणि साल फेकून द्यायची. त्यात पाणी आणि व्हिनेगरचे चार थेंब, मग रंगाची पूड. हा रंग झटकन सुकतो, पण पुरता पक्का व्हायला महिने घेतो. चार फुटांवर पहिल्यांदाच हा प्रयोग नको. घरच्या आल्तारासाठी (देव्हाऱ्यासाठी) वहीएवढ्या फळीवर तो करून बघा, आणि वेदीचं चित्र ॲक्रिलिकमध्ये काढा. गडदाकडून उजेडाकडे जाण्याची रीत ॲक्रिलिकमध्येही चालते. हिंगूळ आणि हरताळ हे जुने रंग मात्र कुणी आणून दिले तरी नको म्हणा, एकात पारा आणि दुसऱ्यात सोमल असतं.

फळी सागवानाची घ्यायचा मोह होईल. साग तेलकट, त्यावर अस्तर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, नीट धरत नाही. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर, मग एकदम पावसाळी दमट हवा; अखंड लाकूड वाकणार नाहीतर तडकणार. चांगल्या प्रतीचं १८ मिलिमीटरचं प्लायवूड घ्या, मागे लाकडी चौकट मारा, आणि पुढे अस्तर द्याल तसा मागच्या बाजूलाही रंगाचा हात द्या. एकच बाजू बंद केली तर दुसरीकडून ओल शिरून फळी वाकते. छत दुरुस्त झालंय ना, ते स्वतः जिन्यावर चढून बघून या. भिंतीला चिकटवून टांगू नका, मागे बोटभर हवा खेळू द्या.

सोनेरी काम फक्त प्रभावळीत करा. मिठाईवरचा चांदीचा वर्ख काळा पडतो, पितळी वर्खावर व्हार्निश नसेल तर तोही काळवंडतो. खऱ्या सोन्याच्या वर्खाचे पैसे नसतील तर पिवळ्या मातीची प्रभावळ काढा. जुन्या आयकॉनमध्ये तशाही आहेत, आणि ट्यूबलाइटखाली त्या सोन्यापेक्षा शांत दिसतात. काच लावू नका, तिच्यात मातेच्या जागी पंखाच दिसत राहील. मग व्हार्निश दमदार हवं, कारण लोक हात लावणार, बाळाच्या पायाला बोटं लावून ती ओठांशी नेणार, झेंडूचा ओला हार अडकवणार. हारासाठी फ्रेमच्या खाली वेगळा आकडा ठोकून द्या आणि मेणबत्त्यांचा स्टँड दोन हात पुढे सरकवा. व्हार्निश पावसाळ्यात करू नका, दमट हवेत ते दुधाळ पडतं.

पैसे घ्या. चर्चची फरशी बसवणाऱ्या गवंड्यानं घेतले, छत दुरुस्त करणाऱ्यानं घेतले, तुम्हीच का संकोचता? सामानाचा खर्च आधी, मजुरीचा अर्धा भाग आराखडा मंजूर झाल्यावर, उरलेला चित्र लागल्यावर, असं फादरबरोबर कागदावर लिहून घ्या. मजुरीतलं काही सोडायचं असेल तर सगळे पैसे हातात आल्यावर दानपेटीत टाका. हिशेब आणि दान एकत्र केलं की दोन्हींचा घोळ होतो. चित्राचा फोटो कॅलेंडरवर, पत्रिकेवर छापायचा झाला तर तुम्हाला विचारून, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

सही पुढे करू नका, आयकॉनवर तशी रीत नाही. मागे करा, आणि सहीखाली साल, प्लायवूडचा प्रकार, अस्तर, रंगांची कंपनी आणि व्हार्निशचं नाव पक्क्या शाईत लिहा. पुढे कधी ते चित्र धुवायला किंवा दुरुस्त करायला काढलं, तर वरचं व्हार्निश कशानं उतरवायचं हे त्या माणसाला तिथूनच कळेल.